पुमिकोस्कीचे मुख्याध्यापक

"सर, तुम्ही आमच्या आठवडावह्या खरंच वाचता का, की नुसता ससा उठवता?"

वानछिंगने प्रश्न टाकला आणि आठवी-सहाच्या, म्हणजे आठवीच्या सहाव्या तुकडीच्या, वर्गात एकदम अशी शांतता पसरली की छतावरच्या पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. मागच्या बाकावर यूतुंग आणि शूयान एकमेकींचे हात आवळून बसल्या होत्या. "विचारून दाखव, हिंमत असेल तर!" असं या दोघींनीच तर मधल्या सुट्टीत म्हटलं होतं. सातवीत असताना हजेरीला 'हजर' म्हणतानाही जिचा आवाज घशातून बाहेर पडत नसे, ती वानछिंग ही नव्हेच. सातवीच्या अखेरीस तिला वक्तृत्व स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळाला होता आणि तेव्हापासून 'हिंमत असेल तर' हे शब्द कानावर पडले की तिचे गुडघे आपोआप सरळ व्हायचे. स्पर्धेत एकूण चौघीच होत्या, हा तपशील ती सहसा सांगत नसे.

फान सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला.

"प्रत्येक शब्द वाचतो," ते म्हणाले.

वर्ग खो खो हसला. सरही हसले, पण जरा उशिराच.

हसू येण्याचं कारण असं, की आठवडावही हा प्रकार कुणी वाचत असेल यावर शाळेत कुणाचाच विश्वास नव्हता. दर सोमवारी वही द्यायची. तिच्यात छापील चौकटी: देशातली बातमी, परदेशातली बातमी, आणि त्यांच्याखाली 'मला काय वाटलं'. शेवटी सहीऐवजी पालकांच्या नावाचा शिक्का. मग फान सरांचा सशाचा गोल लाल शिक्का, सशाच्या पोटावर 'वाचले'. झालं. मुलं वही कप्प्यात कोंबत, ती पुढच्या रविवारीच बाहेर येई.

'मला काय वाटलं' या चौकटीसाठी वानछिंगने एक वाक्य शोधून काढलं होतं: 'ही बातमी वाचून मला जाणवलं, की आपल्याजवळ जे आहे त्याची आपण कदर केली पाहिजे.' हे वाक्य म्हणजे सोयाबीनचं दूध होतं, कशाबरोबरही चालायचं. वादळात कोबीचं पीक गेलं, कदर केली. प्राणिसंग्रहालयात पाणघोड्याला पिल्लू झालं, कदर केली. कुठल्याशा देशाच्या पंतप्रधानांनी राजीनामा दिला, तेव्हाही वानछिंगने आपल्याजवळ जे आहे त्याची न चुकता कदर केली होती.

आणि हे वाक्य एकट्या तिचं नव्हतं. तिच्या आईबाबांचं शाळेसमोरच न्याहारीचं दुकान होतं, तिथे गिऱ्हाइकांसाठी रोज तीन वर्तमानपत्रं यायची. त्यामुळे वर्गात बातम्या असत त्या फक्त वानछिंगकडे, सॉसचे डाग पडलेल्या का होईना. सोमवारी सकाळी साडेसातला तिची वही पहिल्या बाकावरून निघे आणि आठला शेवटच्या बाकावर पोचे. एकूण अठ्ठावीस मुलं जगातल्या घडामोडींकडे वानछिंगच्या डोळ्यांनी बघत होती.

"प्रत्येक शब्द म्हणे!" घरी जाताना यूतुंग म्हणाली. "मी मागे एकदा 'मला काय वाटलं'मध्ये आजीची पाककृती लिहिली होती. ससा आला!"

"मग आपण बघू या ना," वानछिंग म्हणाली. "या आठवड्यात मी परदेशातली बातमी मनानेच रचते. ससा आला तर तुम्ही दोघी मला एकेक मोत्यांचा चहा पाजायचा, साबुदाण्याचे टपोरे मोती घातलेला."

"आणि नाही आला तर?"

"तर सर वाचतात. मग मी मरते."

रविवारी दुपारी दुकान बंद झाल्यावर ती पोलादी टेबलावर वही घेऊन बसली. शेवटी 'कोस्की' लावलं की गाव फिनलंडमधलं वाटतं, असा तिचा अंदाज होता. तिने लिहिलं: 'फिनलंडच्या उत्तरेला पुमिकोस्की नावाच्या गावात एक अनोखी प्रथा आहे. तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक दर वर्षी सगळ्या विद्यार्थ्यांसमोर आठवीच्या गणिताची परीक्षा देतात. ते नापास झाले, तर पास होईपर्यंत शाळेत कुणालाही गृहपाठ मिळत नाही. यंदा मुख्याध्यापकांना एक्केचाळीस गुण मिळाले. गावात आनंदाचे वातावरण आहे.' खाली लिहिलं: 'ही बातमी वाचून मला जाणवलं, की आपल्याजवळ जे नाही त्याचीही आपण कदर केली पाहिजे.'

बाबांनी एका हाताने तवा खरवडता खरवडता दुसऱ्या हाताने शिक्का मारला. शिक्क्याबरोबर तेलकट अंगठाही उमटला.

सोमवारी सकाळी वही नेहमीप्रमाणे पहिल्या बाकावर गेली. "परदेशातली उतरवू नका हं, ती गंमत आहे," असं सांगायला वानछिंगने तोंड उघडलं, तेवढ्यात झाडलोटीची घंटा झाली. तिच्याकडे ग्रंथालयासमोरचा व्हरांडा होता. पानं गोळा करून ती धावत वर्गात आली, तर बाकं रिकामी आणि वह्यांचा गठ्ठा शिक्षकांच्या खोलीत पोचलेला.

"कुणीकुणी उतरवली ती बातमी?" तिने विचारलं.

"कुणी म्हणजे? सगळ्यांनी," शूयान म्हणाली. "बरं झालं, या वेळी जरा मजेशीर होती."

"अगं बाई, तुला माहीत होतं ना ती खोटी आहे!"

"मी अर्धवट झोपेत होते! हात आपोआप चालतो."

एकीवरून दुसरीने, दुसरीवरून तिसऱ्याने उतरवताना बातमीने चांगलंच बाळसं धरलं होतं. मधल्या बाकांवर फिनलंडचं नॉर्वे झालं. खिडकीजवळ एक्केचाळीसचे चौदा गुण झाले. शेवटच्या बाकावरच्या लाइ छंगएनच्या वहीत तर मुख्याध्यापकांना अवघे चार गुण मिळाले आणि ते व्यासपीठावर ढसाढसा रडले.

त्या दिवशी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस वह्यांवर ससे उठले. वानछिंगने दोन मोत्यांचे चहा जिंकले. एक तिने जागच्या जागी संपवला. दुसरा हातात असतानाच, मंगळवारी, वर्गातल्या कर्ण्यातून आवाज आला: "आठवी-सहाच्या सर्व आठवडावह्या तपासणीसाठी शिस्त विभागात आणाव्यात."

मोती तिच्या घशात अडकला.

शिस्त विभागाच्या ल्यांग बाई वर्षातून दोनदा एखाद्या वर्गाच्या वह्या तपासत. त्या तपासणीचा शेरा त्या वर्गाच्या शिक्षकांच्या कागदपत्रांत जाई. इतर शिक्षकांना त्याचं काही वाटत नसे. पण फान सर कायम झालेले नव्हते. हुवेइ गावच्या या शाळेत त्यांचं हे पाचवं वर्ष, तेही एकेका वर्षाच्या नेमणुकीवर. दर जूनमध्ये ते टेबलावरचा सगळा पसारा संत्र्यांच्या एका खोक्यात भरत आणि नेमणूक झाली तर ऑगस्टमध्ये बाहेर काढत. दुपारच्या झोपेच्या तासाला कुणी घोरलं तर न उठवणारे संपूर्ण शाळेत तेवढे एकच सर. आठवी-सहाला ते हवे होते. आणि आता त्यांच्या नावावर अठ्ठावीस ससे होते, प्रत्येक ससा एकाच थापेवर बसलेला.

"बाईंना कळणारच," शूयान म्हणाली. "अठ्ठावीस वह्यांत एकच बातमी, तीही वेगवेगळ्या देशांत!"

पण ल्यांग बाईंना जे कळलं ते भलतंच होतं.

बुधवारी सकाळी ध्वजारोहणाला सगळी शाळा उन्हात उभी होती. मुख्याध्यापक झान व्यासपीठावर आले. ते मूळचे खेळाचे शिक्षक. अजूनही सुटाच्या आत त्यांच्या गळ्यात शिट्टी असते अशी शाळेत वदंता होती.

"मुलांनो," ते कडाडले, "काल ल्यांग बाईंनी माझ्या टेबलावर आठवी-सहाच्या वह्या ठेवल्या. मी थक्क झालो! आपल्या हुवेइच्या मुलांचं लक्ष कुठे आहे? थेट फिनलंडमध्ये! अठ्ठावीस मुलांनी एकाच बातमीची नोंद घेतली. कुणी फिनलंडची, कुणी नॉर्वेची, म्हणजे मुलांनी वेगवेगळी वर्तमानपत्रं चाळली आहेत!"

ल्यांग बाई बाजूला उभ्या राहून मान डोलवत होत्या. फान सर रांगेच्या टोकाला उभे होते. त्यांचा चेहरा भाताच्या पेजेसारखा पांढराफटक पडला होता.

"काय करतात तिथले मुख्याध्यापक? विद्यार्थ्यांसमोर परीक्षेला बसतात! हुवेइ काय पुमिकोस्कीपेक्षा मागे आहे? येत्या शुक्रवारी, याच व्यासपीठावर, मी स्वतः आठवीच्या गणिताची परीक्षा देणार. नापास झालो, तर पास होईपर्यंत शाळेत गृहपाठ बंद!"

नऊशे मुलांनी जी आरोळी ठोकली, ती म्हणे गावच्या साखर कारखान्यापर्यंत ऐकू गेली. वानछिंग मात्र ओरडली नाही. तिने फान सरांकडे पाहिलं, सरांनी तिच्याकडे पाहिलं, आणि दोघांनी एकदमच जमिनीकडे पाहिलं.

वह्या परत आल्या. प्रत्येकीवर सशाशेजारी ल्यांग बाईंचा जांभळा शिक्का: 'तपासले. उत्तम.'

"आता गप्प बस," यूतुंग कुजबुजली. "गृहपाठ बंद होतोय, सरांचं कौतुक होतंय, सगळे खूश. कुणाला कशाला कळेल?"

आणि खरोखर, वानछिंगने गुरुवार सकाळपर्यंत तोंड उघडलं नाही. गुरुवारी सकाळी ती शाळेआधी दुकानात पिशव्या भरून द्यायला उभी होती. आई तव्यामागून प्रत्येक गिऱ्हाइकाला नेहमीच्या सुरात हाका मारत होती: "या हो देखणे, मुळ्याची वडी की अंड्याची गुंडाळी? सुंदरी, तुझं दूध गरम की गार?" आईच्या दुकानात साठीचे आजोबाही देखणे असत.

"देखणे वेन, तुमची मक्याची गुंडाळी!"

वेन काका स्थानिक वर्तमानपत्राचे बातमीदार. गेली दहा वर्षं ते याच टेबलावर बसून स्वतःच्याच बातम्या वाचत.

"काय गं, उद्या तुमच्या शाळेत येतोय मी," ते वानछिंगला म्हणाले. "मुख्याध्यापकांनी बोलावलंय. पण एक गोची आहे. ते पुमिकोस्की काही केल्या नकाशात सापडेना. काल फिनलंडचा अख्खा नकाशा पालथा घातला. अळ्यांनी खाल्लेल्या पानासारखा देश आहे, जिकडे बघावं तिकडे तळी. पण पुमिकोस्की नाही."

"लहान गाव असेल, काका," वानछिंग म्हणाली. आवाज पुन्हा सातवीत गेला होता.

"असेल. उद्या सगळ्यांसमोरच विचारतो मुख्याध्यापकांना, ही बातमी शाळेत आणली कुणी आणि तपासली कुणी म्हणून. चांगली चौकट होईल." काकांनी गुंडाळीचा मोठा घास घेतला. "वहीवर वर्गशिक्षकांची सही असते ना गं?"

"ससा असतो," वानछिंग म्हणाली आणि पिशवीतलं दूध तिच्या बुटावर सांडलं.

दुपारी झोपेच्या तासाला सगळा वर्ग बाकांवर डोकी टेकून पडला होता. वानछिंग उठली आणि वही छातीशी धरून शिक्षकांच्या खोलीत गेली. फान सर एकटेच बसले होते. समोर जेवणाचा डबा, त्याला हात लावलेला नव्हता.

"सर, ती बातमी मी रचली. पुमिकोस्की नाहीच. बाकीच्यांनी माझ्यावरून उतरवली. म्हणजे तुम्ही वाचता की नाही ते बघायला..."

"मला माहीत आहे," फान सर म्हणाले.

"म्हणजे?"

"शेवटचं पान उघड."

वहीच्या अगदी शेवटी चार पानं असतात. वर छापलेलं असतं: 'शिक्षकांशी संवाद'. अख्ख्या शाळेत ती पानं कुणी उघडत नाही. ती असतात हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. वानछिंगने उघडली. चारही पानं गच्च भरलेली होती. बारीक, लाल, वळणदार अक्षर. 'कोबीचं पीक गेलं त्याची कदर कशी करायची? शेतकऱ्याला काय वाटलं असेल?' 'पाणघोड्याचं वाक्य पंतप्रधानांनाही? त्यांना आवडणार नाही.' 'वक्तृत्वाबद्दल अभिनंदन. चौघींतली तिसरी असलीस तरी आवाज पहिला होता.' आणि सगळ्यात शेवटी, सोमवारची तारीख घालून: 'ही बातमी कुठे वाचलीस? मला कुठेच सापडली नाही. येऊन सांग.'

"सगळ्यांच्या वह्यांत लिहिता?"

"सगळ्यांच्या. यूतुंगच्या आजीच्या पाककृतीत मीठ राहिलंय, तेही लिहिलं होतं." फान सरांनी चष्मा पुसायला काढला. "तू त्या दिवशी विचारलंस ना, वाचता का म्हणून? मला तोच प्रश्न तुम्हाला विचारायचा होता. हिंमत झाली नाही."

वक्तृत्वाला अशा वेळी 'मान्यवर परीक्षक' म्हणून वेळ काढता येतो, इथे तेही शक्य नव्हतं.

"मग सर, तुम्ही बुधवारी सांगितलं का नाही?"

"गेलो होतो. दारापर्यंत गेलो. आत ल्यांग बाई माझं कौतुक करत होत्या. पाच वर्षांत पहिल्यांदा." ते कसनुसे हसले. "म्हटलं, दोन मिनिटं ऐकू या. मग आत जायला उशीर झाला. आज जातो."

"नाही सर, मी जाते. थाप माझी आहे."

"शिक्का माझा आहे."

शेवटी दोघंही गेली.

मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार उघडंच होतं. झान साहेब टेबलावर ओणवे झाले होते. सूट खुर्चीवर, बाह्या कोपरापर्यंत, समोर आठवीचं गणित आणि चुरगळलेल्या कागदांचा ढीग. बाजूला ल्यांग बाई उद्याच्या फलकाचं कापड मोजत होत्या. त्यावर लिहिलेलं होतं: 'नजर जगावर, पाय जमिनीवर'.

"अरे वा, आठवी-सहा!" मुख्याध्यापक म्हणाले. "बरी आलीस. हे बघ, हा दोन या वर्गमुळाच्या छपराखाली का अडकून बसलाय? चार तर लगेच बाहेर येतो!"

"सर, मला काही सांगायचंय..."

"आधी हे सांग."

वानछिंगने सांगितलं. "सर, छपराखालून जोडीनेच बाहेर पडता येतं. चार म्हणजे दोन गुणिले दोन, जोडी आहे, म्हणून एक दोन बाहेर येतो. हा दोन एकटाच आहे. म्हणून आत."

मुख्याध्यापक टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "चाळीस वर्षं! चाळीस वर्षांत मला हे कुणी असं सांगितलं नाही! बरं, बोल, काय सांगायचंय?"

वानछिंगने एका दमात सगळं सांगून टाकलं. ससा, पैज, 'कोस्की', व्हरांडा, वेन काका. ल्यांग बाईंच्या हातातून फलकाचं एक टोक सुटलं. मुख्याध्यापकांनी मात्र गणिताचं पुस्तक मिटलं.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "ते एक्केचाळीस गुणवाले मुख्याध्यापक..."

"नाहीत, सर."

"अरेरे. दोन दिवस मला त्यांचाच आधार होता."

"आधार कसला, सर!" ल्यांग बाईंना आता कंठ फुटला. "या फान सरांनी अठ्ठावीस खोट्या बातम्यांवर 'वाचले' म्हणून शिक्के मारलेत! न वाचता! हे मी शेऱ्यात लिहिणार. जूनमध्ये नेमणुकीच्या वेळी..."

"बाई, शेवटचं पान," वानछिंग म्हणाली.

"काय?"

"शेवटचं पान उघडा ना."

ल्यांग बाईंनी वही घेतली, शेवटून उघडली, आणि वाचता वाचता त्यांचा आवाज मावळत गेला. मुख्याध्यापकांनी हात पुढे केला. त्यांनीही वाचलं. मग फान सरांकडे बघून विचारलं, "हा प्रश्न किती वह्यांत विचारलाय?"

"अठ्ठावीस, सर."

"वेगवेगळा?"

"नॉर्वेवाल्यांना नॉर्वेबद्दल विचारलंय, सर. लाइ छंगएनला विचारलंय की मुख्याध्यापक रडले ते कुणी पाहिलं."

मुख्याध्यापकांनी सशाशेजारचा जांभळा शिक्का न्याहाळला. 'तपासले. उत्तम.' ल्यांग बाईंनी फलकाचं कापड उगाचच पुन्हा मोजायला घेतलं.

"बाई, शेरा जरूर लिहा," मुख्याध्यापक म्हणाले. "लिहा, की या शाळेत एकाच माणसाला शंका आली. मला आली नाही, तुम्हाला आली नाही. ज्याला आली त्याला काढायचं, तर मग आपल्या दोघांचं काय करायचं, तेही खाली लिहा."

फान सरांनी चष्मा काढला, आणि या वेळी तो पुसायला त्यांना फार वेळ लागला.

"मग सर, उद्याची परीक्षा रद्द ना?" वानछिंगने आशेने विचारलं.

"रद्द?" मुख्याध्यापकांच्या मानेची शीर तट्ट फुगली. "नऊशे मुलांना सांगितलंय मी. आता मागे हटलो तर गावभर होईल, की झान गणिताला घाबरला. खोटी बातमी एक वेळ परवडली, पळपुटा मुख्याध्यापक परवडणार नाही. मी बसणार. आणि तू," त्यांनी तिच्याकडे बोट रोखलं, "माझ्या आधी ध्वनिक्षेपकासमोर उभी राहणार आणि आत्ता सांगितलंस ते सगळं सांगणार. त्या बातमीदारासमोर. तीच तुझी शिक्षा."

शुक्रवारी वानछिंग व्यासपीठावर चढली. नऊशे डोकी, पहिल्या रांगेत वेन काका वही उघडून बसलेले. तिने सांगायला सुरुवात केली आणि 'पुमिकोस्की हे गाव मी आमच्या दुकानाच्या टेबलावर वसवलं' म्हटल्यावर पहिला हशा आला. मग तिला कुणी थांबवू शकलं नाही. शेवटी ती म्हणाली, "फान सर प्रत्येक शब्द वाचतात, आपणच त्यांचा वाचत नाही. वहीची शेवटची पानं उघडून बघा." खाली आठवी-सहाच्या रांगेत एकदम खसखस सुरू झाली. अठ्ठावीस मुलं बातमीदाराला दाखवायला आणलेल्या वह्या मागून उघडत होती.

"अगं, मीठ!" यूतुंगचा चीत्कार ऐकू आला.

त्यानंतर मुख्याध्यापक झान यांनी पंचेचाळीस मिनिटं, भर व्यासपीठावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आठवीचं गणित सोडवलं. गणिताच्या बाईंनी तिथेच तपासलं. वर्गमुळाचे तिन्ही प्रश्न बरोबर होते. बाकीच्यांबद्दल न बोललेलं बरं. बावन्न गुण. पास व्हायला साठ लागतात.

शाळेत जे झालं त्याला आनंद म्हणणं म्हणजे वादळाला झुळूक म्हणणं. मुलांनी टोप्या उडवल्या. लाइ छंगएन खरोखर ढसाढसा रडला. मुख्याध्यापकांनी शब्द फिरवला नाही: फेरपरीक्षा एक महिन्याने, तोपर्यंत गृहपाठ बंद. वानछिंगला मुलांनी खांद्यावर घेतलं. सातवीचे अनोळखी विद्यार्थी येऊन तिला लाल बीनचे पाव देऊन गेले.

शनिवारी सकाळी तीच बातमी दुकानातल्या तीनपैकी एका वर्तमानपत्रात, फोटोसकट, प्रत्येक टेबलावर फिरत होती. गिऱ्हाइकं म्हणजे बहुतेक शाळेतल्या मुलांचे आईबाप.

"ही तुमचीच ना?" एक बाई फोटोवर बोट आपटत म्हणाल्या. "महिनाभर गृहपाठ नाही! माझा मुलगा कालपासून पलंगावरून उतरलेला नाही!"

"माझ्या दोघी आहेत, दोघी!" दुसऱ्या म्हणाल्या.

"ऐका ना सुंदरी..." आईने सुरुवात केली.

"सुंदरी-बिंदरी काही नको! मुळ्याची वडी द्या आणि मुलीला आवरा!"

बाबांनी वही मागवली आणि तो पुमिकोस्कीचा मजकूर पहिल्यांदाच नीट वाचला.

"यावर मी शिक्का मारला?" त्यांनी विचारलं.

"हो. अंगठ्यासकट," आई म्हणाली. "फान सरांचं जाऊ दे, घरात तरी कोण वाचतं?" मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मीही नाही वाचत म्हणा."

बारा वाजता दुकानाचं शटर अर्धं खाली आलं. बाबा तवा खरवडायला लागले, आई बाकं पुसायला लागली. वानछिंगने फडकं खाली ठेवलं, ताठ उभी राहिली आणि घसा साफ केला.

"आई, बाबा, मी एक ठरवलंय. मंगळवारी आणि गुरुवारी जाते ती शिकवणी मी महिनाभर बंद करतेय."

आईच्या हातातलं बाक धाडकन आपटलं. "गृहपाठ बंद, आता शिकवणीही बंद? आणखी काय बंद करायचं राहिलंय? जेवण?"

"शिकायची बंद करतेय, आई. शिकवायची चालू करतेय. काल मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, ते छपराचं तू सांगितलंस तसं बाकीचंही सांगशील का? दर मंगळवारी आणि गुरुवारी, शाळा सुटल्यावर."

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी खरवडणं थांबवलं. ते मुळात कमी बोलणारे, त्यामुळे त्यांचा प्रश्न यायला वेळ लागला.

"पण ते पास झाले, तर गृहपाठ पुन्हा सुरू होणार ना?"

"हो."

"नऊशे मुलांचा?"

"नऊशे मुलांचा. यूतुंगने मला कालच बजावलंय, की मुख्याध्यापक पास झाले तर आपली मैत्री संपली. शूयान तर म्हणाली, तू त्यांना सगळं उलटं शिकव." वानछिंगने मोठा श्वास घेतला. "पण थाप एकदा मारून झाली माझी. मी त्यांना नीट शिकवणार, आणि ते पास होणार. ठरलं."

आईने बाक उचलून जागेवर ठेवलं आणि तेच एक बाक पुन्हा पुन्हा पुसलं.

"फक्त बाबा," वानछिंग म्हणाली, "समोरचा रस्ता ओलांडला की नऊशे जण मला गाठतील, तेव्हा सोमवारपासून मला स्कूटरवरून शाळेच्या मागच्या फाटकापाशी सोडत जा."